एका ओढीत सुटणारी गाठ

रात्रभर पाऊस होता. श्रावणातला, अंगाला न लागणारा पण थांबायचं नावही न घेणारा. सकाळी साडेसातला पाहुण्यांनी दोरी ओढली आणि झेंडा उघडलाच नाही.

मी तेव्हा सहावीत होते, लेझीमच्या ओळीत उभी. पाहुण्यांनी पुन्हा दोरी ओढली. वर कप्पी कुरकुरली, झेंड्याचं गाठोडं नकार दिल्यासारखं नुसतं हललं आणि गप्प झालं. बँडमधल्या पोरानं ड्रमवर उगारलेली काठी तशीच हवेत. मुख्याध्यापक पाहुण्यांकडे बघून हसले, पाहुणे झेंड्याकडे बघून हसले. शिपाईमामा खांबावर चढायला गेले आणि ओल्या लोखंडावरून दोनदा सर्रकन खाली आले. शेवटी रंगाऱ्याची शिडी आली. मामांनी वर जाऊन गाठ दातांनी सोडवली आणि आत ठेवलेल्या झेंडूच्या पाकळ्या भिजून लगदा होऊन पाहुण्यांच्या टोपीवर एकदमच पडल्या. सगळी शाळा ओठ चावत राष्ट्रगीत म्हणाली.

मी मात्र हसले नाही. ती गाठ आण्णांची होती.

आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. आपल्याकडे शाळेत जे काम कुणाचंच नसतं ते चित्रकलेच्या मास्तरांचं असतं. फलक लिहा, रांगोळी काढून घ्या, प्रमाणपत्रांवर नावं घाला आणि झेंडा बांधा. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टेबलाच्या पायाला सुती दोरी बांधली आणि बसले. कोरडी दोरी, एक ओढ, गाठ सुटली. मग तीच दोरी तांब्यात बुडवून पुन्हा बांधली. ओढ दिली तशी गाठ सुटायची सोडून आणखी आवळली. सूत भिजलं की फुगतं, लांबीत आखडतं, आणि सरकगाठीतली सरकच जाते. "कळलं का?" त्यांनी विचारलं. मला की दोरीला, कोण जाणे. त्या वर्षापासून आण्णांनी झेंडा कधी आदल्या रात्री बांधला नाही. पहाटे पाचला उठून, दोरीचा गुंडा शर्टाच्या आत पोटाशी धरून, छत्रीतून शाळेत जायचे.

खरं तर पंधरा ऑगस्टला गाठोडं बांधून वर ठेवण्याची गरजच नसते. दिल्लीत लाल किल्ल्यावर त्या दिवशी झेंडा खालून वर चढवतात, आणि सव्वीस जानेवारीला तो आधीच वर असतो, तिथे फक्त उलगडतात. आपल्या शाळांनी दोन्ही दिवसांना एकच पद्धत लावली, कारण पाकळ्या पडल्याशिवाय आपल्याला झेंडावंदन झाल्यासारखं वाटत नाही. पाकळ्या आणि जिलेबी. जिलेबीचा हा संबंध कुणी जोडला माहीत नाही, पण सांगलीत त्या दोन दिवशी सकाळी आठला हलवायाच्या दुकानापुढे जी रांग असते ती दिवाळीलाही नसते.

आमच्या आजीच्या तोंडी 'झेंडा' हा शब्द कमीच. ती म्हणायची 'निशाण'. झेंडे आमच्या मुलखात काही कमी नाहीत. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका, देवळाच्या शिखरावरचं निशाण, चैत्रात दारात उभारलेली गुढी, आणि साताऱ्याकडे गेलं की जरीपटक्याच्या गोष्टी. भगव्याला इथे स्वतःचं तीनशे-चारशे वर्षांचं आयुष्य आहे. त्यामुळे तिरंग्याचा वरचा पट्टा 'केशरी' म्हणायचा की 'भगवा' यावरून दर वर्षी कुणीतरी आण्णांशी वाद घालायचंच. आण्णा रंगाचा माणूस. ते दोन बाटल्या काढून दाखवायचे. भगव्यात गेरूचा अंश असतो, केशरीत पिवळ्याचा. घटना समितीच्या ठरावातही शब्द 'केसरी' असाच आहे. वाद घालणाऱ्यांचं बाटल्यांनी समाधान व्हायचं नाही, ती गोष्ट निराळी.

आजी तासगावजवळच्या खेड्यातली. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. ती स्वतः गेली नव्हती, पण घरातले गडी गेले होते, आणि रात्री अंगणात त्यांनी जे सांगितलं ते तिनं आम्हाला पुढे साठ वर्षं सांगितलं. कचेरीवर निशाण लागलं, आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढली. टोपीचा भाग सांगताना ती स्वतःचा पदर डोक्यावर नीट करायची. गोळी न चालता झालेला विजय होता तो, म्हणून त्या गोष्टीत हसू होतं.

सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजला तसं झालं नाही. परशुराम घार्गे पुढे होते, हातात तिरंगा. गोळीबारात ते पडले, नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पुन्हा गोळ्या चालल्या, तिथे किर्लोस्करवाडीचे तरुण इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. तेव्हा हा सगळा एकच सातारा जिल्हा. आमचा भाग १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वडूजचं नाव निघालं की आजी गोष्ट अर्धीच सोडायची आणि वाती वळायला घ्यायची.

या मोर्च्यांच्या आधीही हेच चाललं होतं. १९३० च्या जंगल सत्याग्रहात शिराळ्याकडच्या बिळाशीत लोकांनी सागवान तोडून त्याचाच खांब केला आणि गावात झेंडा उभा केला. सरकारी जंगलातलं झाड तोडणं हा एक गुन्हा आणि त्यावर झेंडा लावणं हा दुसरा, दोन्ही एका कुऱ्हाडीत. १९३२ मध्ये यशवंतराव चव्हाण हायस्कूलच्या वयात झेंडा फडकावल्याबद्दल पकडले गेले, शिक्षा अठरा महिने. एका कापडासाठी अठरा महिने, असं आज ऐकताना वाटतं. पण सरकारला ते कापड नुसतं कापड वाटत नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता आजीचा आणि आण्णांचा वाद. आजी तिरंग्यातल्या चक्राला शेवटपर्यंत 'चरखा' म्हणायची. "चरखा नव्हं आई, अशोकचक्र," आण्णा सांगायचे. "हां, त्येच त्ये. चरखा." आण्णा हात टेकायचे.

बेचाळीसच्या निशाणावर खरोखरच चरखा होता. १९२१ मध्ये बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना झेंडा करून दिला. चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. त्यात तेव्हा पांढरा, हिरवा आणि तांबडा असे पट्टे होते आणि ते जमातींच्या नावे मोजले जायचे. हेच पुढे अडचणीचं झालं. ज्याला त्याला आपला रंग मोठा हवा, वर हवा. म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसनं कराचीला सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर. हे कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, १८८५ मध्ये, पुढे गुजरातीत इतके मुरले की आपल्याला ते आपले वाटेनासे झाले. या समितीनं काय सुचवावं? पूर्ण केशरी झेंडा, कोपऱ्यात तपकिरी चरखा. पट्टेच नकोत म्हणजे भांडणच नको. काँग्रेसनं ते मानलं नाही. ऑगस्टमध्ये केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये निळा चरखा असं ठरलं, आणि सोबत बजावून सांगितलं की या रंगांना जातीधर्माचा अर्थ लावायचा नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. आम्हाला चौथीत हेच पाठ होतं, आणि पाठ असल्यामुळेच त्यावर विचार कधी केला नाही. बजावून सांगण्यामागे दहा वर्षांची भांडणं आहेत हे कळल्यावर ते वाक्य मला पहिल्यांदा जिवंत वाटलं.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीत नेहरूंनी ठराव मांडला तेव्हा चरखा गेला आणि चाक राहिलं. कारण काय दिलं? मला ते फार आवडतं, कारण ते शिंप्याचं कारण आहे. झेंड्याला दोन बाजू असतात. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, मागून बघितला की उलटा दिसतो. चाक दोन्हीकडून सारखं. म्हणून सारनाथच्या स्तंभशीर्षावरचं चाक घेतलं. पण ठरावाची भाषा बघा, हे निळं चाक चरख्याचं प्रतीक म्हणून आहे असंच त्यात लिहिलं आहे. सारनाथ आलं ते चाकाचा आकार कुठला हे सांगण्यापुरतं. आण्णांना हे मी फार उशिरा वाचून दाखवलं, आजी गेल्यानंतर. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ती बरोबर होती की गं."

हे चाक काढायला शिकवताना आण्णांचा जीव मेटाकुटीला यायचा. चोवीस आरे. पोरं आठ काढतात, फार तर सोळा, मग जिथे जागा दिसेल तिथे आणखी कोंबतात. आण्णा म्हणायचे, कोनमापक ठेवा बाजूला. कंपासनं वर्तुळ काढा, कंपास हलवू नका. तेवढ्याच अंतरानं परिघावर चालत जा, बरोबर सहा पावलांत परत जागेवर याल. सहाचे दुभागून बारा, बाराचे दुभागून चोवीस. दोन आऱ्यांत पंधरा अंश. वर्गातल्या चाळीसपैकी तिसाची पावलं सहाव्याला चुकायची, कारण कंपासचा स्क्रू ढिला. आण्णांच्या खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर असे.

आणि चाक पांढऱ्या पट्टीत चिकटवायचं नाही. ९०० बाय ६०० मिलिमीटरचा झेंडा घेतला तर पांढरी पट्टी २०० ची आणि चक्र १८५ चं, वर साडेसात आणि खाली साडेसात मोकळं. हे मापं ठरवणारं मानक बघायला गेलं तर त्याचा क्रमांक आहे एक. भारतीय मानकांच्या हजारोंच्या यादीत पहिलं मानक झेंड्याचं, १९५१ चं. सिमेंट, लोखंड, दूध, सगळं नंतर. झेंड्याचे आकार नऊ, ६३०० बाय ४२०० पासून टेबलावरच्या १५० बाय १०० पर्यंत, आणि सगळे दीडास एक या प्रमाणात.

आमच्या शाळेचा झेंडा हुबळीकडचा होता. मिरजेहून रेल्वेनं हुबळी काही फार लांब नाही. तिथल्या बेंगेरी भागात खादी संघाचं केंद्र आहे, गावोगावची सरकारी कार्यालयं तिथल्याच झेंड्यांवर चालत आली. कापड धारवाडजवळच्या गरगसारख्या गावातून विणून यायचं. झेंड्याचं अंग पातळ खादीचं, आणि खांबाकडची बाही जाड कापडाची, तिच्यातून दोरी ओवलेली. दोरीच्या वरच्या टोकाला बोटाएवढी लाकडी खुंटी असते, ती खांबाच्या दोरीच्या फासात अडकवली की झेंडा उलटा चढण्याची भीती नाही. मला लहानपणी झेंड्यातली ती खुंटीच सगळ्यात आवडायची. गुळगुळीत, तेल प्यायलेली. आण्णांची नजर चुकवून मी ती गालाला लावून बघायची.

घडी घालणं हेही एक काम आहे. आण्णा मला समोर उभं करायचे, दोघांच्या हातात दोन टोकं. आधी केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत यायचं, शेवटी वर फक्त चक्र राहतं आणि कडेला दोन रंगांची चुणूक. ती तळहातांवर घेऊन कपाटापर्यंत न्यायची, काखेत मारायची नाही.

ही घडी मी पुढे एकदाच दुसऱ्यांच्या हातून होताना पाहिली. खटावकडच्या एका गावात, नात्यातल्या एका जवानाच्या अंत्यविधीला. साताऱ्याकडे अशी गावं आहेत की घरटी एक वर्दी. अपशिंग्याचं नावच 'अपशिंगे मिलिटरी', पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले शेहेचाळीस गेले. पेटीवर झेंडा होता, केशरी बाजू डोक्याकडे. चितेवर ठेवण्याआधी तो काढून घेतात, झेंडा जाळायचा नसतो. चार जवानांनी घडी घातली. आण्णांना आणि मला चार-पाच मिनिटं लागायची, त्यांनी ती मिनिटभरात घातली, आणि कडा आमच्यापेक्षा सरळ. मग ती घडी त्याच्या आईच्या ओंजळीत दिली. माउलीनं ती काय करावी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ती लेकराला घेतात तशी खांद्याला लावली आणि थोपटत बसली. मी तिथून उठून बैलांच्या गोठ्यामागे गेले. अजून काही त्याबद्दल लिहीत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ ची खूण बुडाली तेव्हाच आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला मामाकडे गेलो होतो. पाणी उतरायला लागलं, आणि तेराला संध्याकाळी शाळेतून फोन आला. आण्णा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण शिपाईमामांच्या जागी आलेल्या त्यांच्या मुलाला दुसरा नंबर सुचला नसावा. "सर, झेंडा कपाटात राहिला."

आम्ही गमबूट घालून गेलो. मैदानावर घोटाभर गाळ, ध्वजस्तंभावर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. लोखंडी कपाट फुगून अडकलेलं, पहारीनं उघडावं लागलं. खालच्या खणात घडी तशीच होती, चक्र वर, पण गाळानं वीट झालेली. आण्णांनी ती तळहातांवरच घेतली, त्यातून पाणी गळत होतं तरी.

मामाच्या गच्चीवर नव्या बादलीत धुणं सुरू झालं. पहिलं पाणी चहासारखं, दुसरंही. घासायचं नाही, नुसतं बुडवून उचलायचं. सातव्या पाण्याला पाणी निवळलं. रंग जराही हलला नव्हता, हुबळीकरांना मानलं. पण पांढरा पट्टा गुळाच्या रंगाचा झाला तो झालाच, आणि खालची शिवण हात लावला तिथे उसवायला लागली. आण्णांनी तो दोरीवर टाकला नाही, दोघांनी आडवा धरून वाऱ्यावर वाळवला. माझे हात भरून आले. त्यांनी काही सोडला नाही.

पंधराला शाळेत दुसऱ्याच एका शिक्षकांच्या घरचा लहान झेंडा लागला. तीसेक पोरं होती, निम्म्यांच्या अंगावर मदतीत मिळालेले कपडे. पाकळ्या नव्हत्या, जिलेबी नव्हती. निवारा केंद्रावरून आलेली खिचडी होती. दोरी ओढली आणि झेंडा एका ओढीत उघडला. मी आण्णांकडे बघितलं. ते झेंड्याकडे बघत नव्हते, गाठ बांधणाऱ्या नव्या मास्तरांच्या हातांकडे बघत होते.

खराब झालेल्या झेंड्याचं काय करायचं हे ध्वजसंहितेत आहे. चारचौघांत नाही, मान राखून, शक्यतो जाळून. रविवारी आण्णांनी कुंभाराकडून नवी शेगडी आणली. आधी कात्री घेऊन बाहीतून दोरी काढली, खुंटी सोडवून बाजूला ठेवली. "दोरी काय झेंडा नव्हे," स्वतःशीच म्हणाले. मग पूर्ण घडी घातली आणि ठेवली. खादी पटकन पेटत नाही, आधी कडा काळी होते. दोघं उभे राहिलो. राख कुठे टाकायची यावर मी नदी म्हटलं, तर ते म्हणाले, "तिनं एकदा नेलाच होता की." पण टाकली शेवटी नदीतच, बंधाऱ्याखाली, गाळाचं पाणी अजून तांबडंच होतं तेव्हा.

तीन वर्षांनी घरोघरी झेंडा लावायची मोहीम आली. संहिता आधीच बदलली होती, पॉलिस्टर चालेल, यंत्रावरचा चालेल, रात्रीही ठेवता येईल. टपाल कार्यालयात पंचवीस रुपयांना मिळत होता. माझी मुलगी आधी एका दुकानातून घेऊन आली होती, त्यात चक्र अंड्यासारखं आणि एका बाजूला सरकलेलं. तिनं आजोबांच्या पद्धतीनं कंपास लावून बघितला आणि तोंड वाकडं करून परत द्यायला गेली. टपालातला बरा निघाला. पण त्याला दोरी नाही, खुंटी नाही, काठी घालायला नुसती एक बाही. पाऊस पडो न पडो, पॉलिस्टर भिजून आखडत नाही, हे आण्णांनी तांब्यात बुडवून बघितलं. त्यांना ते आवडलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी बघते तर ते खाटेवर बसून बाहीची शिवण उसवत होते. शेजारी कंपासची जुनी पत्र्याची पेटी उघडी. तिच्यात स्क्रूड्रायव्हर, तुटका कोनमापक, आणि ती लाकडी खुंटी. नवी सुती दोरी त्यांनी बाजारातून आणली होती.

तेरा तारखेला झेंडा गच्चीवर चढला. संध्याकाळी दिनदर्शिकेत सूर्यास्त बघून आण्णा जिना चढले.

"आजोबा, आता रात्रीपण ठेवलेला चालतो," नातीनं सांगितलं.

"चालतो की. कोण नाही म्हणतंय?" ते म्हणाले. "तू ते टोक धर. हळू. जमिनीला लागू देऊ नको."